सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा साधारण १७ पट दाबली जाते, त्या दाबानं ती ५०० अंशांच्या वर तापते आणि नेमक्या त्या वेळी नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की तो आपसूक पेट घेतो. त्यामुळे जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीला चालू व्हायला मोजक्याच गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे, हवा आत येऊन नीट दाबली गेली पाहिजे आणि नोझलपर्यंत डिझेल पोचलं पाहिजे. गाडी अडली की यातलं काय कमी पडतंय एवढंच शोधायचं असतं. पण गाडीभोवती चार माणसं जमली की प्रत्येक जण थेट पार्टचं नाव घेतो. पंप गेला, नोझल बसले, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) बदला. गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर आमची ऊसवाहतुकीची गाडी, म्हणजे ट्रक, अडली तेव्हा हे सगळं ऐकलं. दोष कसा सापडत गेला ते क्रमानं लिहितोय, कारण हाच दोष कित्येक जुन्या गाड्यांत असतो आणि त्यापायी चांगले पंप खोलले जातात.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या पट्ट्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर पावसाळ्यात आम्ही गाडी घरासमोर ठेवत नाही. हंगाम उरकला की ती वरच्या माळावर, चुलत्यांच्या गोठ्याशेजारी उभी करतो. उभी करताना टाकीत डिझेल जेमतेम ठेवतो, म्हणजे चोरीची धास्ती नको आणि पैसेही अडकायला नकोत. आमच्याकडचे बहुतेक गाडीमालक असंच करतात. पुढं जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या जेमतेम डिझेलमध्ये होतं.

दसरा झाला, कारखान्यात बॉयलर पेटला आणि आमची गाडी माळावरून हलेना. ज्यांच्याकडे ऊसवाहतूक नाही त्यांना यातली घाई कळायची नाही. तोडणीच्या टोळीला उचल आधीच दिलेली असते. टोळी फडात उतरली आणि गाडी उभी राहिली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, शेतकरी बोल लावतो आणि टोळी दुसऱ्या गाडीवाल्याकडे जायची भाषा करते. या घाईतच माणूस पार्ट बदलत सुटतो.

पहिल्या दिवशी चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि सेल्फनं नुसतं ‘टक’ केलं. इथं डिझेलचा विचार करायची गरजच नव्हती, कारण इंजिन फिरतच नव्हतं. ट्रकला २४ व्होल्ट लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. पूर्ण चार्ज असलेली, थोडा वेळ निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मी मल्टिमीटर लावून दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.४ होती. दुसरी १०.५ ला अडकलेली. हा आकडा बोलका आहे. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट. १२.६ मधून बरोबर एका सेलचे व्होल्ट गेले की १०.५ उरतात. रात्रभर चार्जिंगला लावूनही ती तिथंच राहिली, तेव्हा एक सेल गेला हे नक्की झालं. दोन्ही बॅटऱ्या आठ-दहा महिन्यांच्या फरकाच्या नव्हे, एकाच वयाच्या असाव्यात म्हणून जोडी बदलली. एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी लावली की थकलेली बॅटरी नवीलाही खाली खेचते. खर्च टोचतो, पण तो एकदाच होतो.

नव्या बॅटऱ्या लावल्यावर सेल्फ फिरला, पण जड. आता सेल्फ काढून कार्बन बदलायला न्यावा असं सगळ्यांचं मत पडलं. मी आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसचा गाडीच्या लोखंडाशी असलेला जोड, तपासलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला धरायची आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्थिंग चांगलं असेल तर मीटर जवळजवळ शून्यावर राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की वाटेत कुठंतरी अडथळा आहे असं समजावं. आमच्याकडं दीड व्होल्टच्या वर गेला. चॅसीला अर्थिंगची पट्टी जिथं बोल्टनं बसते तिथं पावसाळाभर पाणी मुरून गंज चढला होता. वरून बोल्ट घट्ट होता, त्यामुळे हात लावून काही कळत नव्हतं. पट्टी काढली, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, वायसर बदललं, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. त्यानंतर सेल्फ असा फिरला की चुलते गोठ्यातून बाहेर आले.

डिझेल इंजिनाला हा वेग फार महत्त्वाचा असतो. इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतीत निघून जाते, थोडी हवा पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं निसटते आणि डिझेल पेटेल इतकी ती तापतच नाही. त्यामुळे सेल्फ ‘फिरतोय की’ म्हणून सोडून देऊ नये. जोरात फिरतोय का, ते बघावं.

सेल्फ जोरात फिरत होता आणि गाडी तरीही पकडत नव्हती. इथून खरं काम सुरू झालं.

अशा वेळी सायलेन्सरकडं बघायचं. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण जळत नाही, म्हणजे उष्णता किंवा कॉम्प्रेशन (हवेची दाबणी) कमी पडतंय, नाहीतर टायमिंग (फवारा पडायची वेळ) हललंय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. आमच्या सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नव्हता. एवढ्या एका गोष्टीनं कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, रिंगा हा सगळा महागडा संशय बाजूला ठेवता आला. इंजिन उघडायची भाषा करणाऱ्याला आधी धुराचं विचारावं असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यात ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढू या, असा बेत ठरत होता. मी नको म्हटलं. ओढून काय साधतं, तर इंजिन फिरतं. ते तर सेल्फ करतच होता. दुसरं म्हणजे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ब्रेकची हवा शून्यावर आलेली असते. अशा गाडीचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगवर चालतो, हवा नसली की मागची चाकं आवळलेलीच राहतात. ती जबरदस्तीनं ओढली तर टायर घासतात. ब्रेक मोकळे करून ओढली तर उतारावर थांबवायला काही नसतं, आणि इंजिन बंद असल्यानं पॉवर स्टिअरिंगही नसतं. आमचा माळ ओढ्याकडं उतरता आहे. एकानं एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरायचं सुचवलं. तेही होऊ दिलं नाही. पेट्रोलची वाफ दाबाखाली भलत्याच वेळी पेटते आणि पिस्टन अजून वर येत असतानाच त्याच्यावर हाणते. रिंगांची घरं फुटलेले, वाकलेल्या रॉडचे पिस्टन मी गॅरेजच्या भंगारात पाहिलेत.

डिझेलचा रस्ता असा असतो. टाकीतून उभी नळी वर येते, तिथून चॅसीच्या कडेनं पाइप डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरकडं जातो, तिथून इंजिनाच्या पंपाला चिकटलेल्या छोट्या फीड पंपाकडं. फीड पंप ते डिझेल दोन फिल्टरमधून ढकलून मोठ्या पंपाला देतो आणि मोठा पंप एकेका सिलिंडरच्या नोझलला. मोठ्या पंपाला आमच्याकडं अजूनही सगळे ‘मायको’च म्हणतात. १९५१ साली बंगळूरला सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण मिस्त्री लोकांच्या तोंडून जुनं नाव गेलेलं नाही.

सर्वांत आधी इंजिन बंद करण्याची दांडी पाहिली. ड्रायव्हर मामांना केबिनमधून स्टॉपर ओढायला-सोडायला लावलं आणि मी पंपावरची दांडी पूर्ण मागं येते का ते बघितलं. उभ्या गाडीत ही वायर गंजून अर्ध्यात अडकते आणि मग पंप डिझेल देतच नाही. आमची दांडी ठीक होती. ही तपासणी फुकट होते, म्हणून पहिली.

मग वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घेतलं. थोडा वेळ ठेवल्यावर खाली पाण्याचा स्पष्ट थर आणि त्यावर तपकिरी गाळ. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, दमट हवा आत घेते आणि त्या हवेतलं पाणी टाकीच्या पत्र्यावर धरून खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठतं आणि नळीचं तोंड तिथंच असतं. मोठ्या पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि त्याचं बॅरल (ज्यात तो सरकतो ते नळकांडं) यांच्यात दोन ते चार मायक्रॉन इतकीच फट असते. त्यांना वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेलच लागतं. तिथं पाणी गेलं की गंज धरतो आणि मग पंप खरोखरच जातो. टाकीच्या तळाचा प्लग काढून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सगळं काढलं, दोन्ही फिल्टर नवे टाकले.

फिल्टर बदलले की हवा काढावी लागते. पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण क्रम चुकला की तासन्‌तास हात दुखतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपावरचा हँड पंप मारायचा. सुरुवातीला फेस येतो, मग फेसाळ डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की हँड पंप मारत असतानाच स्क्रू आवळायचा. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूला तेच. त्यानंतर नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, प्रत्येक नटाशी डिझेल ठिबकलं की आवळत जायचं. इथं तोंड आणि हात लांब ठेवायचे. नोझल उघडायला २०० बारच्या पुढचा दाब लागतो आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. ती जखम सुई टोचल्याएवढी दिसते, पण थेट हॉस्पिटल गाठायला लागतं.

शेवटचे नट आवळले, मामांनी सेल्फ मारला, सायलेन्सरनं पांढरा लोट सोडला आणि गाडी पकडली. अडखळत, मग सरळ. हवेचा काटा चढला, ब्रेक सुटले. माळावर एक फेरी मारून ती जागेवर लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. सेल्फ जोरात, धूर नाही.

हवा काढली की चालू, रात्रभर उभी राहिली की बंद. हे लक्षण ओळखीचं झालं की निम्मा दोष सापडल्यातच जमा असतो, कारण खराब झालेला पंप किंवा बसलेली नोझल हवा काढल्यावर बरी होत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी ज्या गॅरेजमध्ये विचारलं तिथं उत्तर आलं की पंप उतरवून बेंचवर लावावा लागेल, प्लंजर गेले असणार, नोझलही सोबत करून घ्या. खर्चाचा आकडा ऐकून घरात चर्चा सुरू झाली. मामा मात्र गप्प होते. त्यांनी गाडी इतकी वर्षं चालवली आहे की पंपानं ओढ कमी केली असती तर त्यांना चढावर कळलं असतं. भरलेल्या उसासकट ती गेल्या हंगामात कुठं कमी पडली नव्हती.

आमच्या गावात एक तात्या आहेत. वय झालंय, आता पाना हातात धरत नाहीत, पण उमेदीत त्यांनी विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची आणि लिफ्ट इरिगेशनच्या पंपांची कामं केली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हापासून या भागातल्या घराघरात लोखंडाची, इंजिनाची माहिती असलेलं एखादं माणूस असतंच. त्यांना गाडीपाशी आणलं. त्यांनी गाडीला हात लावला नाही. एवढंच विचारलं, “डिझेल कुठं गळतंय का?”

“कुठंच नाही तात्या. खाली थेंब नाही.”

“मग फीड पंपाच्या पुढं कशाला बघतोस? पुढं दाब असतोय. तिथं चीर असंल तर डिझेल भाईर येतंय, डोळ्याला दिसतंय. मागं ओढ असती. तिथं चीर असंल तर डिझेल भाईर येत न्हाई, हवा आत जाती. ती दिसायची कुठं? मायकोला हात लावू नगो. टाकीकडनं ये.”

मला ही गोष्ट पुस्तकातून माहीत होती, पण इतक्या सरळ कुणी सांगितली नव्हती. टाकी ते फीड पंप या पट्ट्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फीड पंप ते मोठा पंप या पट्ट्यात एक-दीड बार दाब असतो. त्यामुळे एकाच जाडीची चीर दोन ठिकाणी दोन वेगळी लक्षणं दाखवते. आणि हवा आत गेली की काय होतं तेही समजून घ्यायला हवं. डिझेल दाबलं तरी आकसत नाही म्हणण्याइतकं कमी आकसतं, म्हणून प्लंजर हलला की दाब लगेच नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की प्लंजर नुसता तो बुडबुडा दाबतो आणि सोडतो. नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. चालत्या गाडीत फीड पंपाचा रेटा जोरात असतो, थोडी हवा परतीच्या पाइपानं टाकीत निघून जाते आणि गाडी चालत राहते. रात्री मात्र चिरेतून हवा आत शिरते, पाइपातलं डिझेल आपल्या वजनानं टाकीत उतरतं आणि सकाळी पाइप रिकामा असतो.

हवा दिसत नाही, ती दिसेल अशी सोय मात्र करता येते. गॅरेजमध्ये मिळतो तो पारदर्शक, डिझेलला टिकणारा पाइप हातभर आणला. फीड पंपाच्या अलीकडं मूळ पाइप काढून तो क्लिपनं बसवला, हवा काढली, गाडी चालू केली. पाइपातून बुडबुडे येत होते, मोठे नाहीत, पण सतत. हवा फीड पंपाच्या मागून येतेय हे आता बघणाऱ्या प्रत्येकाला पटलं. पंप उतरवायची चर्चा तिथं थांबली.

पुढची तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तिला खर्च नाही. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घेतलं, कॅन गाडीच्या टाकीच्याच उंचीला बांधला आणि त्यातून एक सलग पाइप सरळ फीड पंपाला जोडला. परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडला. म्हणजे टाकी, उभी नळी, चॅसीवरचा पाइप आणि वॉटर सेपरेटर या सगळ्यांना एका झटक्यात बाजूला काढलं. कॅन उंच ठेवायचा मोह टाळावा, कारण उंचावरून डिझेल आपोआप खाली येतं, पाइपात ओढ उरत नाही आणि तपासणीला अर्थ राहत नाही. गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत. तशीच रात्रभर ठेवली. सकाळी मामांनी सेल्फ मारला आणि गाडीनं लगेच पकडलं. फीड पंप, त्याचे व्हॉल्व्ह, फिल्टर, मायको, सहाही नोझल, सगळे निर्दोष ठरले. फीड पंपाचा व्हॉल्व्ह गळका असता तर कॅनवरही सकाळी अडचण आली असती.

आता उरला टाकीपासूनचा तुकडा. आधी वॉटर सेपरेटर परत लावला, कॅनमधून त्याच्यामार्गे डिझेल घेतलं, बुडबुडे नाहीत. मग चॅसीवरचा पाइप. रबरी जोड कडक झाले होते, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या, म्हणून ते बदलले, क्लिपा आणि बँजो बोल्टची (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं नवी घातली. कॅनवर सगळं ठीक. टाकीला जोडलं की पुन्हा बुडबुडे.

उरली फक्त टाकीतली उभी नळी. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचा विचार कुणी करत नाही. याच वेळी मामा बोलले, “गेल्या साली टाकी फुल्ल केली की गाडी कधी तरास द्यायची न्हाई. अर्ध्याच्या खाली गेली की सकाळी दोन-तीनदा मारायला लागायचं. म्या म्हटलं थंडी असंल.” हे ऐकून तात्यांनी मान डोलवली. नारळपाणी प्यायच्या नळीला मध्येच चीर असेल तर पाणी चिरेच्या वर असेपर्यंत काही जाणवत नाही, पाणी खाली गेलं की तोंडात हवा येते. तसंच हे. टाकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली असते, तिथून आत गेलं तरी डिझेलच जातं. पातळी चिरेच्या खाली उतरली की तिथून हवा ओढली जाते. आम्ही पावसाळाभर टाकीत जेमतेम डिझेल ठेवलं होतं, त्यामुळे चीर सतत उघडी होती. मामांची ही आठवण पहिल्या दिवशी कुणी विचारली असती तर काम निम्म्या वेळात झालं असतं. गाडीवर रोज बसणाऱ्या माणसाला लक्षण आधी कळतं. त्याला फक्त नेमका प्रश्न विचारायला हवा. कधी चालू होत नाही, टाकी किती भरलेली असताना, चढावर लावलेली असताना की उतारावर, थंडीत की दुपारीही, असे.

टाकीवरची प्लेट काढून नळी वर ओढली. टाकीजवळ विडी-काडी नको म्हणून सगळ्यांना लांब उभं केलं. नळी वरवर ठणठणीत दिसत होती. खालचं टोक बोटानं बंद केलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वरून तोंडानं हवा फुंकली. मधल्या भागात, जिथं आधाराची पट्टी जोडलेली असते त्या जोडापाशी, बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. पट्टीच्या कडेला केसाएवढी भेग होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर नळी हलते, पट्टी तिला धरून ठेवते, आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यानं जोडाच्या कडेलाच धातू थकतो. गळती शोधायला याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

नळीला पितळी टाका मारून घेता आला असता. वेल्डिंगवाला तयारही होता. पण थकलेल्या धातूवर टाका मारला की नवी भेग त्याच्या शेजारी पडते, आणि हंगामात भरली गाडी रस्त्यात अडली तर मागची रांग अडते. म्हणून त्याच मापाची नवी नळी करून घेतली. तळाची जाळी साफ केली आणि नळीचं तोंड टाकीच्या तळापासून थोडं वर राहील असं बसवलं, म्हणजे तळचा गाळ आणि पाणी ओढलं जाणार नाही. प्लेटखाली नवं पॅकिंग घातलं. पुन्हा हवा काढली. पारदर्शक पाइप तात्पुरता तसाच ठेवला होता. त्यातून आता नितळ, सलग डिझेल जात होतं.

टाकी मी मुद्दाम भरली नाही. पाव टाकीवर, गाडीचं तोंड चढाकडं करून रात्रभर ठेवली, कारण दोष उरला असता तर याच अवस्थेत दिसला असता. सकाळी मामा चढून बसले, सेल्फ मारला, गाडी पकडली. आणखी काही दिवस तसंच कमी डिझेलवर ठेवून बघितलं, रोज पकडली. मग पारदर्शक पाइप काढून मूळ पाइप लावला. तो पारदर्शक पाइप ऊन आणि उष्णतेनं कडक होतो, कायमचा ठेवायचा नसतो.

इथं एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. हे सगळं जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला लागू आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत आणि त्याआधीच्याही अनेक गाड्यांत कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (नोझलना) डिझेल देणारी एकच जास्त दाबाची नळी. तिथं नोझलचे पाइप सैल करून हवा काढायची नाही. त्या रेलमध्ये चालू इंजिनात १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. पाइप उघडला तर जीवावर बेतू शकतं आणि आत गेलेली धूळ इंजेक्टर खाऊन टाकते. अशा गाडीचा कंप्युटर रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही. क्रँकचा सेन्सर बिघडला किंवा चावीची ओळख पटली नाही तरी सेल्फ जोरात फिरतो आणि गाडी पकडत नाही. तिथं आधी स्कॅनर लावावा. पण टाकी ते पंप हा कमी दाबाचा, ओढीचा पट्टा नव्या गाड्यांतही असतोच, आणि तिथं हवा शिरली तर लक्षण तेच, सकाळी अडणारी गाडी. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावातल्या एका नव्या गाडीला वॉटर सेपरेटरच्या वाटीचा रबर तिरका बसला होता. स्कॅनरनं दाब कमी असल्याचं दाखवलं, महागडा हाय प्रेशर पंप सुचवला गेला, आणि शेवटी रबर सरळ बसवल्यावर गाडी बरी झाली.

टोळी ठरल्या दिवशी फडात उतरली आणि पहिली खेप त्याच रात्री गाडीतळावर नंबरला लागली. यंदा हंगाम संपल्यावर गाडी माळावर नेली तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरली आणि झाकणाला कुलूप लावलं. दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस काढून ठेवलेत, महिन्यातून एकदा त्या चार्ज करतो. अर्थिंगच्या बोल्टवर ग्रीसचा जाड थर दिलाय. हातभर पारदर्शक पाइप आणि दोन क्लिपा आता मामांच्या टूलबॉक्समध्येच असतात.